कुठल्याही वाचनालयात मिळणारं पुस्तक

काकाचं बोट सापामुळे गेलं असं आमच्या नात्यात सगळे समजतात. ते माझ्यामुळे गेलं. घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही, म्हणून इथे आधीच लिहून टाकते.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. आमचा वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. गिरीजजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते. आईवडील मी लहान असतानाच गेले होते. मला काका-काकीने वाढवलं, शिकवलं, शिक्षिका केलं. घरात शिकलेली मी एकटीच. डॉक्टरची चिठ्ठी, सरकारी कागद, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं माझ्यापुढे यायचं आणि मी वाचून दाखवलं की ते अंतिम.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो होतो. काका कपडे बदलून केळीच्या वाडीत गेला. पाटाच्या कडेला सुकलेल्या पानांचा ढीग पडला होता, तो उचलायला त्याने हात घातला आणि पाच मिनिटांत उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या मुठीत धरून ओटीवर आला.

"काहीतरी चावलं," तो म्हणाला. "लांब होतं. पाटात गेलं."

काकी रडायलाच लागली. मी मात्र रडले नाही. मला ठाऊक होतं काय करायचं ते. शिक्षिकेच्या प्रशिक्षणात प्रथमोपचाराचा एक तास झाला होता आणि 'दंशाच्या वर घट्ट बांधावे' हे वाक्य माझ्या वहीत लाल शाईने अधोरेखित होतं. केळीच्या पानांचे गठ्ठे बांधायला आमच्याकडे सोपटं ठेवलेली असत, म्हणजे केळीच्या खोडाची सुकवलेली साल. तुटू नये म्हणून मी ती पाण्यात बुडवली आणि तीन गाठी मारल्या. एक बोटाच्या मुळाशी, एक मनगटावर, एक कोपराच्या खाली. होती तेवढी ताकद लावली.

मग शेजारी जमले. कुणी म्हणालं इस्पितळात न्या, पण जास्त लोक म्हणाले आधी दोन गावं पलीकडच्या विष उतरवणाऱ्याकडे. आम्ही कॅथलिक असलो तरी साप चावल्यावर पाय तिकडेच वळायचे. त्याने कडुनिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतो का विचारलं, हातावरून मोराचं पीस फिरवलं आणि म्हणाला, "वीख उतरलंय. पण गाठी सोडू नका." माझ्या वहीशी त्याचं मत जुळलं याचा मला त्या क्षणी आनंद झाला, हे आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

रविवारची एसटी आलीच नाही. शेवटी टांगा मिळाला. वाटेत काका तीनदा म्हणाला, "बाय, हे बोटाचं जरा सैल कर. फार ठणकतंय."

तिन्ही वेळा मी म्हणाले, "नाही, काका. सोडली की विष वर चढेल."

बोट सुजत गेलं तशी गाठ आत रुतत गेली. वसईच्या इस्पितळात पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजायला आले होते. डॉक्टरांनी हात पाहिला, कात्री मागितली आणि कापता कापता विचारलं, "केव्हा बांधलं हे?"

"सकाळी. साडेनऊच्या सुमाराला," मी म्हणाले.

"कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाला, "मीच."

"तीन गाठी? एका हाताने?"

"दात वापरले," काका म्हणाला. आणि माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवस त्याला ठेवून घेतलं. विषाचं एकही लक्षण दिसलं नाही. डॉक्टरांनी मला त्या बोटावरची बारीक दातांची ओळ दाखवली आणि म्हणाले की हा पाणसाप असावा, पाटात राहतो, चावतो कडकडून, पण विष नसतं. वाडीवरच्या गड्यांनी मागाहून त्याच ढिगाखाली विरोळा, म्हणजे तोच पाणसाप, पाहिलाच. बोट मात्र आधी जांभळं झालं, मग काळं, आणि नवव्या दिवशी कापावं लागलं. ज्या बोटाच्या आधाराने तो कोयता धरायचा तेच.

मी डॉक्टरांना इस्पितळाच्या बोळात गाठलं. विचारलं, "मग मी... आम्ही काय करायला हवं होतं?"

ते घाईत होते. चालता चालताच म्हणाले, "प्रथमोपचाराचं पुस्तक वाचा ना. कुठल्याही वाचनालयात मिळेल."

माणूस वाईट नव्हता. पण 'कुठल्याही वाचनालयात' या दोन शब्दांनी माझं पुढचं दीड वर्ष खाल्लं.

सुरुवात शाळेपासून केली. हेडमास्तरांच्या कपाटात लाल फुलीची एक पेटी होती हे मला माहीत होतं. तिच्यात पुस्तक असेल असं वाटलं, आणि होतंही. पण हेडमास्तर म्हणाले, "पेटी डेडस्टॉकला आहे, सामानाच्या सरकारी नोंदवहीत. बाहेर काढता येणार नाही."

"मला पेटी नको, सर. आतलं पुस्तक वाचायचंय."

"पुस्तकही डेडस्टॉकलाच आहे."

"मग मूल पडलं, डोकं फुटलं, तर पेटी कधी उघडायची?"

"तशी वेळ अजून आली नाही," ते समाधानाने म्हणाले.

चार दिवस मागे लागल्यावर त्यांनी स्वतःच्या टेबलासमोर बसवून मला ते वाचू दिलं. पेटीत पिवळा पडलेला कापूस, तळाला सुकलेली आयोडीनची बाटली आणि एका पात्याची कात्री होती. दुसरं पातं कुठे गेलं याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात नव्हती. पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, पहिली काही पानंही नव्हती. सर्पदंशाचं पान मात्र होतं. त्यात लिहिलं होतं की दंशाच्या वर दोरी बांधावी, आणि जितकी घट्ट तितकी चांगली. किती वेळ ठेवावी, मधे सोडावी की नाही, याबद्दल चकार शब्द नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे मी पुस्तकात सांगितलं होतं तेच केलं होतं. क्षणभर हलकं वाटलं. पण मग डॉक्टर म्हणतात पुस्तक वाचा, आणि पुस्तक म्हणतं आवळा. यातलं खोटं कोण?

दुसरं पुस्तक पाहायचं ठरवून मी गावच्या वाचनालयात गेले. ते संध्याकाळी पाच ते सात उघडायचं, एका निवृत्त मास्तरांच्या हाती होतं, आणि तिथे बहुतेक करून पुरुष वर्तमानपत्र वाचत बसायचे. मी आत गेले तशी सगळी वर्तमानपत्रं एक वीतभर खाली आली.

मास्तरांनी आपुलकीने विचारलं, "कसलं पुस्तक हवंय, बाई? नवी कादंबरी आलीय."

"अपघात झाल्यावर काय करावं, असलं."

"आहे की!" त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले, मागची रांग हुडकली आणि धूळ झटकून एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. नावात 'अपघात' हा शब्द होता खरा. पहिल्याच पानावर नायिका मोटारीखाली येता येता वाचते आणि मोटारवाल्याच्या प्रेमात पडते.

"मास्तर, ही कादंबरी आहे."

"पण वाचनीय आहे हो," ते म्हणाले.

आरोग्य या सदरात त्यांच्या नोंदवहीत तीनच पुस्तकं होती. एक निसर्गोपचाराचं, एक नवविवाहितांसाठीचं, जे त्यांनी मला दाखवलंच नाही, आणि एक गुरांच्या रोगांवरचं. गुरांचं मी घेऊन आले. त्यात बैलाला साप चावला तर काय करावं ते होतं. तिथेही दोरीच होती, फक्त जास्त जाड.

मग वसई गावातलं मोठं वाचनालय. तिथे कार्डांचे खण होते, अक्षरवार. मला फार बरं वाटलं, कारण दहा मिनिटांत 'प्रथमोपचार' असं कार्ड सापडलं, त्यावर क्रमांक, कपाट, फळी, सगळं. मी कारकुनाला क्रमांक दिला. तो आत गेला, बराच वेळ गेला, आणि रिकाम्या हाताने परत आला.

"नाहीये."

"बाहेर गेलंय का?"

"बाहेर गेल्याची नोंद नाही."

"म्हणजे आत आहे."

"आत नाहीये."

"मग कुठेय?"

"तेच तर म्हणतोय, नाहीये."

असं आमचं पुढच्या दोन फेऱ्यांतही चाललं. चौथ्या फेरीला मी सरळ त्याच्या समोरच्या बाकावर बसून राहिले. शाळेच्या वह्या सोबत नेल्या होत्या, त्या तपासत बसले. तासाभराने त्याला माझा कंटाळा आला असावा. त्याने एक जुनी नोंदवही काढली आणि सांगितलं की ते पुस्तक सात वर्षांपूर्वी एक सभासद घेऊन गेले होते. ते तेव्हा इथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आता विरार पूर्वेला, फुलपाड्याला राहतात, तिथे त्यांनी स्वतःच दवाखाना घातलाय.

"सात वर्षांत तुम्ही मागितलं नाही?"

"पत्र टाकलं होतं."

"मग?"

"उत्तर नाही."

पुढच्या सुट्टीत मी फुलपाड्याला गेले. तेव्हा तिथे शेतांच्या कडेकडेने नव्या चाळी उठत होत्या आणि कुठली चाळ कुठली ते तिथे राहणाऱ्यांनाच नीट सांगता येत नव्हतं. दवाखाना सापडला. बाहेर बाकावर चार बाया आणि खोकणारा एक म्हातारा. मीही रांगेत बसले. माझी पाळी आल्यावर आत गेले तर खुर्चीतल्या माणसाने माझा हात धरून नाडी पाहायला सुरुवात केली.

"मी आजारी नाहीये. पुस्तकासाठी आलेय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

तो गृहस्थ मुळीच ओशाळला नाही. खुर्चीत मागे टेकत म्हणाला, "ते होय? ते काय, समोरच आहे."

मी वळून पाहिलं. पुस्तकाची चित्रांची पानं कापून त्याने भिंतभर खळीने चिकटवली होती. मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची, डोक्याला पट्टी कशी गुंडाळायची, भाजलेला माणूस, बेशुद्ध माणूस. त्यात सर्पदंशही होता.

"वाचनालयाचं पुस्तक तुम्ही कापलंत?"

"पेशंटला चित्र दिसलं की विश्वास बसतो, बाई. पुस्तक कपाटात राहून कुणाला बरं करणार होतं?"

मी भिंतीजवळ गेले आणि उभ्याने वाचू लागले. मागे तो खोकणाऱ्या म्हाताऱ्याला तपासत होता. या पुस्तकात दोरी होती, पण मधूनमधून सैल करायची होती. शिवाय दंशाच्या जागी पात्याने चीर देऊन रक्त चोखून थुंकायला सांगितलं होतं. चित्रात अर्ध्या विजारीतला एक साहेब दुसऱ्या साहेबाची पोटरी चोखत होता. पानाच्या तळाशी वाक्य होतं: 'मात्र पुढील गोष्टी कदापि करू नयेत.' आणि तिथे पान संपलं. पुढच्या गोष्टी पानाच्या मागच्या बाजूला, भिंतीला खळीने घट्ट चिकटलेल्या.

मी नखाने कोपरा उचकटायला लागले तसा तो ओरडला, "अहो, फाटेल ना!"

"सात वर्षांपूर्वी फाडलंत ते?"

"ते कापलं होतं. व्यवस्थित."

घरी आले आणि काकीवर उगाचच तडकले. ती बिचारी मला जेवायला वाढत होती. काका ओटीवर बसून डाव्या हाताने कोयता चालवायची सवय करत होता. केळीच्या एका खोडावर घाव घालायचा, तो तिरका जायचा, पुन्हा घालायचा. तक्रार नाही, काही नाही. ते मला त्या कंपाउंडरपेक्षाही सहन होत नव्हतं.

आता राहिली मुंबई. तिथल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःचं ग्रंथालय होतं. शनिवारी आमची शाळा सकाळची असायची. ती आटोपून मी गेले. दारावरच्या माणसाने विचारलं, "विद्यार्थी?"

"नाही."

"स्टाफ?"

"नाही. शिक्षिका आहे."

"इथे?"

"वसईला. चौथीला."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं, संस्थेच्या प्रमुखाचं पत्र आणा. पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांकडून पत्र मिळवलं. त्यांनी ते स्वतः लिहिलं, मला मसुदा दिला नाही. रस्त्यात वाचलं तर त्यात होतं: 'सदर शिक्षिकेस पुस्तके पाहण्याची हौस असून तिच्या वर्तनाबद्दल तक्रार नाही.' हे घेऊन मी त्या दारावर पुन्हा उभी राहिले. माणूस हसला, पण पत्र आत घेऊन गेला.

आतून ग्रंथपाल स्वतः आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, पदर खांद्याभोवती आवळून घेतलेला. पत्र हातात धरून त्यांनी विचारलं, "नक्की कशाची हौस?"

काय झालं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. बोट, गाठी, कुणी बांधल्या ते, काका काय म्हणाला ते. तोवर मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. एका अनोळखी बाईला दारात उभ्याने सांगितलं.

त्यांनी खिडकीजवळचं एक टेबल दाखवलं. "इथे बसा. पुस्तक घरी मिळणार नाही. शाईचं पेन चालणार नाही, पेन्सिल वापरा. पाच वाजता मी बंद करते."

पुस्तकं इंग्रजी होती आणि माझं इंग्रजी चौथीच्या शिक्षिकेचं. शब्दकोश सोबत ठेवला होता, पण निम्मे शब्द त्यात नव्हते. तरी पहिल्याच शनिवारी एवढं कळलं की त्या टेबलावर ठेवलेल्या दोन पुस्तकांचंही आपसात पटत नाही. एक दोरी बांधा म्हणत होतं, दुसरं बांधू नका. एक चिरा म्हणत होतं, दुसरं सांगत होतं की चिरलं तर जखमच चिघळते. मला हुंदका आला. इतकं करून इथवर यायचं आणि इथेही तेच! मी पुस्तक जरा आपटलंच.

ग्रंथपालबाई आल्या. "काय झालं?"

"यातलं खरं कुठलं? चार पुस्तकं पाहिली मी. चौघांच्या चार तऱ्हा!"

"सालं बघितलीत?"

"कसली?"

त्यांनी दोन्ही पुस्तकांचं पहिलं पान उलटलं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं. दोरी बांधायला सांगणारं पुस्तक माझ्या जन्माच्याही आधी छापलेलं होतं. दुसरं अगदी अलीकडचं. "वैद्यकाचं पुस्तक हातात घेतलं की आधी हे पान," त्या म्हणाल्या. "नवं आधी वाचायचं. जुनं का बदललं ते नव्यात बहुतेक सापडतं."

मला आठवलं, शाळेतल्या पुस्तकाला ते पानच नव्हतं. भिंतीवरच्या पुस्तकाचं पान त्या कंपाउंडरने फेकलं असणार, कारण त्यावर चित्र नाही. मी स्वतः आयुष्यात किती पुस्तकं वाचली होती, पण ते पान थांबून कधी पाहिलं नव्हतं. मुलांना पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान उलटून थेट धड्यावर या असं मीच सांगायचे.

असे सहा शनिवार गेले. नव्या पुस्तकात होतं ते मी पेन्सिलने उतरवलं आणि घरी येऊन मराठीत केलं. सांगितलेलं तसं सोपं होतं: माणसाला धीर द्या, चालवू नका, हात किंवा पाय मोडल्यासारखा फळीला लावून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, चिरू नका, चोखू नका, आवळू नका, आणि थेट इस्पितळ गाठा, कारण विषावरची लस तिथेच असते. मराठी करताना मात्र जीव मेटाकुटीला आला. 'शॉक' हा एक इंग्रजी शब्द सारखा यायचा, त्याला मी सगळीकडे 'धक्का' लिहिलं. मागाहून ग्रंथपालबाईंनी एका शिकाऊ डॉक्टरकडून वही तपासून घेतली तेव्हा त्याने सांगितलं, हा धक्का मनाचा नाही, रक्ताभिसरण मंदावतं त्याचा आहे. मग सात पानं पुन्हा लिहिली.

सापाबरोबर बाकीचंही लिहिलं. माडावरून पडलेला माणूस कसा उचलावा, अंगावर उकळतं पाणी सांडलं तर काय, आणि बुडालेल्याला श्वास कसा द्यावा. आमच्याकडे बावखलात, म्हणजे वाड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, कुणी बुडालं की त्याला पालथं घालून पाठ दाबत. शाळेच्या पुस्तकातही तेच होतं. नव्या पुस्तकात तोंडाने श्वास द्यायला सांगितलं होतं, चित्रासकट. ते चित्र मी जमेल तसं वहीत काढलं.

वही पुरी झाल्यावर पहिल्यांदा काकाला वाचून दाखवली. तो ओटीवर बसला होता. आमच्या घरच्या बोलीत बोलला. मी इथे ते सरळ मराठीत लिहिते.

"म्हणजे बांधायला नको होतं," तो म्हणाला.

"नको होतं."

"आणि मी सोड म्हणत होतो ते बरोबर होतं."

"हो, काका. बरोबर होतं."

तो म्हणाला, "मग पुस्तकाचं ऐकायच्या ऐवजी माझं ऐकायचं होतंस."

आणि हसला. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "डॉक्टरला तू खोटं का सांगितलंस?"

"तुझं लग्न व्हायचं होतं. आणि बोट माझं होतं, कुणाचं नाव सांगायचं ते मी ठरवणार." एवढं बोलून तो वाडीत निघून गेला. तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

वहीचं करायचं काय, हा पुढचा छळ. हेडमास्तरांना म्हटलं, पेटीतलं जुनं पुस्तक काढून टाकू, हे ठेवू. ते म्हणाले, डेडस्टॉकची वस्तू काढायची तर तालुक्याहून मंजुरी लागते. मग मी सर्पदंशाच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली: 'हे जुने आहे, असे करू नये.' ते पाहून हेडमास्तर असे संतापले की मला वाटलं आता मलाच प्रथमोपचार करावे लागतील. सरकारी मालमत्तेवर खळ लावली म्हणून त्यांनी मला लेखी समज दिली. चिठ्ठी मात्र काढली नाही, कारण काढताना पान फाटलं असतं.

वही मी गावच्या वाचनालयात नेली. मास्तरांनी पानं चाळली, खूश झाले, आणि श्वास देण्याच्या चित्रापाशी थबकले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"बाई, हे तोंडाला तोंड... असं उघड्यावर ठेवायचं?"

"माणूस बुडालाय त्यात, मास्तर."

"ते मला कळतं. पण इथे तरुण मुलं येतात. एक कोरा कागद लावू का वर? ज्याला गरज असेल तो उचलून बघेल."

"बुडणारा तोवर थांबेल का?"

बरीच हुज्जत झाली. कागद लागला नाही, पण त्यांनी वहीला क्रमांक दिला तो आरोग्य सदरात, गुरांच्या रोगांच्या शेजारी. पुढच्या महिन्यात पाहायला गेले तर वही जागेवर नव्हती. भुईगावच्या कुणी बाई घेऊन गेल्या होत्या. त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हती. चौथ्या महिन्यात माझी सहनशक्ती संपली. या लोकांना परत करणं म्हणून काही माहीतच नाही का, असं पुटपुटत मी पत्ता घेतला आणि भुईगावला गेले.

समुद्राकडच्या अरुंद गल्लीतलं घर होतं. ओसरीवर एक तरुण बाई बसली होती, डावा हात गळ्यातल्या झोळीत, कोपरापर्यंत सुजलेला, त्यावर ओसरत आलेली निळी छटा. शेजारी तिची सासू भाजी निवडत होती. मी वहीचं नाव काढताच सासू उठून उभीच राहिली.

"तुमी लिवली ती? या, बसा. हिला गवतात घोनस चावली ना, आज बारा दिवस झाले."

ती सगळं सांगू लागली. वही घरात होती आणि ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली असल्याने तिने ती दोनदा वाचली होती. सुनेच्या बांगड्या काढल्या, हात बसायच्या पाटाच्या फळीला फडक्याने बांधला, तिला चालू दिलं नाही, दोघांनी खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचललं आणि थेट इस्पितळ. लस मिळाली. आठ दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं.

"दोरी नाही ना बांधली?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "बांधली. पन सैल. मनाला बरं वाटावं म्हनून."

"अहो, स्पष्ट लिहिलंय की बांधू नये!"

"लिवलंय. ते वाचलं मी. पन बाई, काय तरी बांधलं नाय तर शेजारचे काय म्हनतील? आनि इस्पितळाच्या वाटेवर त्या उतरवनाऱ्याकडं पाच मिन्टं थांबलो. पाचच. टांगा उभाच ठेवला होता."

मी कपाळाला हात लावला. निम्मं ऐकलं होतं, निम्मं नाही, आणि सून समोर जिवंत बसून माझ्याकडे बघत होती. रागवायचं की काय करायचं ते कळेना. सुनेने आतून पाणी आणायला खूण केली, सासू आत गेली, आणि येताना पाण्याबरोबर माझी वहीही घेऊन आली. वहीला तिने जाड खाकी कव्हर घातलं होतं. कडांना तेलाचे डाग.

"अजून चार दिस ठेवू का?" ती म्हणाली. "शेजारनीला वाचायची हाय. आनि एक सांगू का, राग नका मानू."

"सांगा."

"अक्षर किती बारीक काढलंय तुमी! ही इकडं कळवळतेय, आनि मी कंदील जवळ धरून एकेक ओळ लावतेय. चावलंय तेवा कोन एवढं बारीक वाचनार? मोठं काढायचं ना जरा, बाई."

मला इतका संताप आला की पाण्याचा पेला तसाच ठेवून मी उठले. सहा शनिवार, शब्दकोश, सात पानं पुन्हा लिहिलेली, आणि हिला अक्षर बारीक! गल्लीच्या तोंडापर्यंत मी तशीच तरातरा गेले. मग वळून परत आले, पाणी प्यायले, आणि वही तिच्याकडेच राहू दे म्हणून सांगितलं.

घरी जाताना दुकानातून मी रुंद रेघांच्या, पहिलीच्या मुलांसाठी असतात तशा, दोन वह्या घेतल्या.